दोन इंच माया

शिंपीमास्तरांना मी आज दुपारी खोटं सांगितलं, आणि ते मला झोपू देत नाही.

"मुलगा फोनच उचलत नाही हो, मास्तर. अभ्यास फार असतो." मी एवढंच म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मशीनवर बसले. मी जिना उतरून गल्लीत आले तरी वरून मशीनचा आवाज आला नाही.

मास्तरांची खोली आमच्या मागच्या गल्लीत, बेकरीच्या वर. एक खिडकी, एक मशीन, कापायचं टेबल, आणि मास्तरांच्या गळ्यात कायम टेप. टेपशिवाय मी त्यांना एकदाच पाहिलंय. नऊ वर्षांपूर्वी, हॉस्पिटलात. एकाच शाळेतली दोन मुलं, एकच ताप, शेजारशेजारच्या खाटा, मध्ये हिरवा पडदा. माझा मुलगा आठ वर्षांचा, त्यांचा बारक्याही तेवढाच. पहाटे माझ्या मुलाने डोळे उघडून पाणी मागितलं आणि मी ओरडलेच, "देव आहे! देव आहे!" नर्सने माझ्या तोंडावर हात ठेवला तेव्हा कळलं. पडद्यापलीकडे बारक्या तासाभरापूर्वी गेला होता.

तेव्हापासून मुलाचे शर्ट मी दुसऱ्या कुणाकडे टाकले नाहीत. मास्तर मन लावून शिवायचे, वर थट्टा करायचे, "वहिनी, ह्याला जेवण घालता की खत?" शिवणीच्या आत ते दोन इंच माया सोडायचे, म्हणजे पोर वाढलं की उसवून शर्ट मोठा करता येतो. माप मात्र दोनदा घ्यायचे. खांदा, छाती, बाही. मग पुन्हा खांदा, छाती, बाही. मला वाटायचं, माणूस काटेकोर आहे.

आज मी खिडकीचा उसवलेला पडदा घेऊन गेले होते. मास्तर सुईत ओवायला दोरा शोधत होते. म्हणाले, "कपाटात पांढरा दोरा आहे, तेवढा देता?"

मी कपाट उघडलं. आत नऊ पांढरे शर्ट हँगरला लावलेले. डावीकडचा एवढासा, उजवीकडचा जवळजवळ पुरुषाच्या मापाचा. कापड ओळखीचं, बटणं ओळखीची. माझ्या मुलाच्या दर वर्षीच्या शर्टाचा जोड.

"बारक्याचे," मास्तर म्हणाले. मान वर केली नाही.

मी हात लावला आणि लावायला नको होता. आठ शर्टांच्या कॉलरी मऊ पडल्या होत्या. घडीवर घामाची पिवळट रेघ होती. बगलेत शिवण उसवून आतली माया वापरलेली. नववा तेवढा कोरा, कडक.

"तुमचा हॉस्टेलवर गेला ना गेल्या वर्षी," मास्तर म्हणाले, "माप मिळालं नाही. अंदाजाने शिवला. नाही बसला अंगाला. वर्षभर फिरकला नाही बारक्या."

मी दोऱ्याचं रीळ उचललं आणि कपाट लावलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "मास्तर, तुम्ही अजून रोज सकाळी मशीनला हात लावून देवाचं नाव घेता. एवढं झाल्यावर? राग नाही येत?"

"येतो की! रोज भांडतो. माझ्या पोराला बेतताना माया का रे ठेवली नाहीस, असलं कसलं तुझं कातरकाम, असं तोंडावर विचारतो." ते हसले. "पण भांडायला समोर कुणी पाहिजे ना? तो आहे हे मला कुठं माहीत होतं? तुम्हीच सांगितलंत, पडद्याआडून. म्हटलं, बाईमाणूस खोटं कशाला बोलेल. आणि तो आहे, तर त्याच्याकडे कातरण उरलेलं असणारच. जोडेल. मी आपलं माप तयार ठेवायचं."

दोरा माझ्या हातातून घेत ते हळूच म्हणाले, "यंदाचं माप द्या, वहिनी. तीन आकडे. माप घेतल्याने तुमच्या लेकराचं काही कमी होत नाही."

माझी भीती त्यांनी अशी बोटाने दाखवल्यासारखी दाखवली. आणि मग मी ते खोटं बोलले.

त्या पहाटे पडद्याच्या अलीकडे जो देव होता तो पलीकडे कुठे गेला होता, हे मी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही. माझं पोर वाचलं होतं, मला काय पडलं होतं? मास्तर मात्र माझ्या त्या दोन शब्दांवर जगत आले. आता त्यांना तीन आकडे नाकारून मी कुठल्या तोंडाने हात जोडू? कॉलरीवरची ती रेघ कोणाची, मला कळत नाही. कळून घ्यायचंही नाही. पण ती खोली आज पहिल्यांदाच इतकी गप्प होती.

रात्रीचे साडेबारा झालेत. मुलगा जागाच असेल. हॉस्टेलवर टेप कुठला मिळायला? सांगेन, चार्जरची वायर खांद्यावर धर, खूण कर, पट्टीने मोज. "आई, वेड लागलंय का तुला?" म्हणेल. म्हणू दे.

फोन हातात घेतलाय. आधी त्याला नुसतं "हॅलो" म्हणू दे. खांदा मग विचारेन.