माझ्याकडे चालतंय

माझा भाचा दिवसा पाणीपुरवठा कार्यालयात बसतो आणि संध्याकाळी जगावर उपकार करतो. उपकार म्हणजे एक फुकटचा प्रोग्राम. ब्राउझरमध्ये उघडायचा, त्यात मेल, पत्ते आणि सगळ्यांनी मिळून वापरायचं कॅलेंडर. मालक कुणीच नाही, ठिकठिकाणचे हौशी लोक तो दुरुस्त करतात. कॅलेंडरचा भाग भाच्याच्या ताब्यात, म्हणून मी त्याला कॅलेंडरसम्राट म्हणते. त्याला ते कौतुक वाटतं.

ही मंडळी चुका शोधतात अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात त्यांना चुका कळवणाऱ्यांच्याच चुका सापडतात. मजकूर ठरल्या साच्यात नाही, शीर्षक लांबलंय, कुठे काय दाबलं ते क्रमाने लिहिलेलं नाही. शेवटी भाचा ‘माझ्याकडे चालतंय’ एवढं लिहून तक्रार बंद करतो आणि चहा मागतो. चहा त्याची आई देते. ती माझी धाकटी बहीण. तिचा एक डोळा कधीचाच गेलाय, उरलेल्यात मोतीबिंदू.

त्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, तेव्हा सम्राटांनी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि आईच्या टॅबलेटवर आपलं चढवलं. अक्षरं मोठी करून दिली, हे कबूल. तारीखही स्वतःच, आपल्या लॅपटॉपवरून घातली. टॅबलेट म्हणाला त्या दिवशी मी बहिणीला घेऊन गेले, तर नर्स म्हणाली, "आजी, तुमचं काल होतं." डॉक्टर बाहेरगावचे, महिन्यातून एकदाच येणारे. आता पुढच्या खेपेला या, पण तीही चुकवलीत तर डोळ्याची खात्री नाही, असं तिने बजावलं.

घरी येऊन भाच्याला धरलं. त्याच्या पडद्यावर तारीख अगदी बरोबर, कालचीच. मग काल आईला विचारलं का नाहीस? काल म्हणे बैठक होती. वर आईलाच सांगतो, कोणतं बटण दाबलंस ते नीट आठव.

रविवारी बाहेरच्या खोलीत त्याचे स्वयंसेवक जमले. वायरींचं जंजाळ, आणि वाद कशावर, तर प्रोग्राम लिहिताना ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडायची यावर. मी गणितातली पदवीधर, अगदीच अडाणी नाही. बहिणीचा टॅबलेट नेऊन त्याच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. तारखा वेगळ्या. कोपऱ्यातली घड्याळंही वेगळी. हे महाशय आपलं घड्याळ दूरच्या कुठल्याशा सर्व्हरच्या वेळेवर ठेवतात, म्हणे हिशेब करायला नको. घरात संध्याकाळ, याच्या पडद्यावर भरदुपार. ज्याचं घड्याळ सर्व्हरशी जुळत नाही त्याला वेळ न घातलेली, दिवसभराची नोंद एक दिवस पुढे दिसते, आणि दुरुस्ती ज्याच्या हातात, त्याचं घड्याळ तेवढं जुळतं. म्हणून याच्याकडे कायम चालतंय.

"मावशी, हे रीतसर नोंदवायला हवं," भाचा म्हणाला.

त्याच्या शेजारचा दाढीवाला खाकरला. "नोंदवलंय. एका दंतवैद्याने, दुरुस्तीसकट. तूच बंद केलंस."

"त्याने दुरुस्ती तपासणारी चाचणी जोडली नव्हती."

"चाचणी तुझ्या आईवर झाली," मी म्हटलं.

तेवढ्यात बहीण चहाचा ट्रे घेऊन आली. चाचपडत एकेक कप ठेवू लागली, आणि भाच्याचा कप टेबलाच्या काठाबाहेर सोडला. त्याने तो झेलला, हात पोळून घेतला. मग आईच्या डोळ्याकडे बघितलं, बहुधा कित्येक महिन्यांनी. त्याने दंतवैद्याची दुरुस्ती जशीच्या तशी घेतली. ओळीच्या सुरुवातीची जागाही मोजली नाही.

पुढच्या खेपेची तारीख मी भिंतीवरचं कॅलेंडर पुन्हा टांगून त्यावर लिहिली. टॅबलेटनेही तीच दाखवली. ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर भाच्याने मोठ्या अभिमानाने नव्या आवृत्तीची घोषणा आईपुढे धरली. तिने सावकाश, एकेक शब्द लावत वाचलं: कॅलेंडरमध्ये किरकोळ सुधारणा.

"किरकोळ?" तिने विचारलं.

तशी लिहायची पद्धतच असते, असं तो पुटपुटला. तिने टॅबलेट त्याच्या हातात परत दिला.

"ताई, भिंतीवरचं राहू दे," ती मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "आणि चहा तू कर. मला आता दिसतंय, कसा करतोस ते."