गच्चीवरचं टोक

आमच्या कंपनीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवूनच लाइनवर जावं लागतं. त्या दिवशी पहिली शिफ्ट सुटली, लॉकर उघडला आणि वहिनींचे नऊ मिस्ड कॉल दिसले... फोन लावला, ऐकलं आणि तसाच बाइकवर बसलो. चाकणच्या चौकात नेहमीसारखी कंटेनरची रांग. बाइक पुढे सरकेना, मागेही घेता येईना. हेल्मेटच्या आत रडत तासभर तिथंच उभा होतो. संत तुकाराम नगरात पोहोचलो तेव्हा मिलिंददादांना चौथ्या मजल्यावरून खाली आणत होते. दोन वर्षांनी त्या दिवशी ते जिना उतरले. आता त्यांना जाऊन सव्वा महिना झाला.

दादा आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते. आम्ही गाड्यांचं वायरिंग बनवतो, मी क्वालिटीला आहे. दादा रिटायर झाले आणि वर्षभरात त्यांच्या फुफ्फुसांनी हात टेकले. पलंगाशी ऑक्सिजनचं यंत्र, नाकात नळी, आणि नळी पोहोचेल तेवढंच घर. बिल्डिंगला लिफ्ट नाही. खिडकीतून दिसते ती समोरच्या बिल्डिंगची भिंत. टीव्हीचा त्यांना वैताग. म्हणायचे, “टीव्हीतली माणसं मला शिकवतात रे. मला नुसत्या गप्पा ऐकायच्यात.” म्हणून मी त्यांना रेडिओ स्कॅनर आणून दिला. हातात मावणारा डबा, हवेतून चाललेली बोलणी शोधत फिरतो. सकाळी आठला हौशी रेडिओवाले गप्पांना जमतात, कुणी वाईचा, कुणी बारामतीचा. पण खोलीत नुसती खरखर. अँटेना गच्चीवर लावायची, तिथून केबल खाली आणायची असं ठरलं.

केबल निवडण्यात आमचे दोन रविवार गेले. बारीक केबल मला आवडली होती, खिडकीच्या जाळीतून सहज आली असती. दादांनी ती बोटांत फिरवून परत दिली. “एवढ्या लांबीत ही निम्मा आवाज खाईल. जाड आण.” टीव्हीची जुनी केबल गच्चीवर पडलेली होती, नुसतं ऐकायला तीही चालेल असं ते म्हणाले, मला मात्र सगळं मापात हवं होतं. शेवटी करंगळीएवढी जाड आणली. तोवर ठीक होतं. वाजलं ते कनेक्टरवरून, म्हणजे केबल अँटेनेला जोडतात त्या टोकावरून. वरचं टोक कथलाचा डाग देऊन सोल्डर कर, त्यावर रबरी टेप ताणून गुंडाळ, असं त्यांचं म्हणणं. मी क्वालिटीचा माणूस, मला कोण शिकवणार! आमच्या लाइनवर सोल्डर चालतच नाही, सगळं दाबून क्रिंप करायचं, वर स्लीव्ह म्हणजे प्लास्टिकची घट्ट नळी चढवायची आणि जोर लावून ओढून बघायचं. सुटलं नाही की पास. मी कनेक्टर क्रिंप केला, कंपनीतली असते तशी स्लीव्ह चढवली आणि केबल दादांच्या हातात दिली. “ओढा दादा, लावा ताकद.”

“पाणी ओढत नसतंय राव, पाणी शिरतंय. गाडीला छप्पर असतं, गच्चीला कुठंय?”

मी हसण्यावारी नेलं. त्यांना दम लागला होता, त्यांनी वाद सोडला. वर जाऊन स्वतः बघावं म्हटलं तर मध्ये जिना. अँटेना लावून मी खाली आलो तेव्हा वाईचे एक निवृत्त मास्तर बागेतल्या माकडांच्या तक्रारी सांगत होते आणि दादा डोळे मिटून हसत होते. त्यांना इतकं खूश मी कंपनीतही पाहिलं नव्हतं.

मग पावसाळा लागला. मी रविवारी जायचो तेव्हा स्कॅनर चालू असायचा, त्यातून खरखर यायची. मी विचारलं की दादा म्हणायचे, “आज कोणी आलं नाही वाटतं.” आणि मला चहा घ्यायला लावायचे. मी खुर्चीत बसून कंपनीचं रडगाणं गायचो, ओव्हरटाइम, नवा मॅनेजर, सगळं. एकदाही गच्चीवर गेलो नाही... आता या गोष्टीचा मला इतका राग येतो की लिहिताना हात थांबतो.

गेल्या रविवारी अँटेना उतरवायला गेलो. स्लीव्ह कापली तर आतून पाणी टपकलं, केबलच्या आतली तांब्याची जाळी हिरवी पडून भुगा झाली होती. माझा क्रिंप मात्र घट्ट. ओढून पाहिलं, सुटला नाही. पास! तिथंच गच्चीवर बसून टोक कापलं, नवा कनेक्टर सोल्डर केला, टेप गुंडाळली आणि खाली येऊन स्कॅनर लावला. खोलीत माणसं बोलायला लागली, अगदी स्वच्छ.

वहिनी दारात येऊन ऐकत राहिल्या. म्हणाल्या, “जूनपासून बंदच होता हा. रविवारी तुमची बाइक खाली वाजली की चालू करायला सांगायचे. म्हणायचे, त्याला सांगू नको, पोरानं मन लावून केलंय.”

वाईचे मास्तर कुणाला तरी पेरूच्या कलमाबद्दल सांगत होते. मी दादांच्या पलंगाच्या कडेला बसलो होतो, स्कॅनर हातात होता, आणि तो बंद करायचं बटण काही केल्या माझ्याच्यानं दाबवेना.