मोरीवरची घंटी

प्रिय ईरा आणि निनाद,

गेल्या रविवारी फोनवर माझ्या वॉकरला बसवलेली सायकलची घंटी तुम्हाला दिसली आणि तुम्ही दोघं पोट धरून हसलात. "आजी, स्वयंपाकघरात फार ट्रॅफिक असतं का?" असं निनादनं विचारलं. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, हे आता लिहून ठेवायला हवं. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. सगळं नीट होईल असं डॉक्टर म्हणतात, पण हातातली कामं आधी उरकून ठेवायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. आयुष्यभर मी मुलींना इंग्रजी शिकवलं, तरी ही गोष्ट इंग्रजीत लिहायला घेतली तर तिचा निबंध होईल. म्हणून मराठीत लिहिते आहे. सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा.

तेव्हा आम्ही पिंपरीत संत तुकाराम नगरात राहत होतो आणि मी आकुर्डीच्या एका शाळेत शिकवत होते. मुंबईच्या रस्त्यानं सायकलवरून जायचे. सकाळी त्या रस्त्यावर कामगारांच्या सायकलींची रांगच्या रांग असे. त्यात बायका मोजक्या, म्हणून रत्नाची आणि माझी ओळख व्हायला वेळ लागला नाही. ती काळेवाडीची. वडील कारखान्यात कामगार होते आणि तीही आकुर्डीजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. पिंपरीच्या चौकात जी आधी पोचेल तिनं दुसरीसाठी थांबायचं, असं आमचं ठरून गेलं होतं. वयानं ती माझ्याएवढीच, पण मला बाईच म्हणायची. "तुम्ही पुढं व्हा, बाई. तुम्ही दिसलात की ट्रकवाले जरा सभ्यपणे हॉर्न वाजवतात," असं म्हणून तिनं पहिल्याच आठवड्यात मला पुढे केलं, ते कायमचं.

तिनं मला एक रीत शिकवली. त्या रस्त्यावर ठिकठिकाणी मोऱ्या होत्या. न्हाणीघरातली मोरी नव्हे. ओढ्यावरून रस्ता जातो तिथला लहानसा पूल, त्यालाही मोरीच म्हणतात. तिथे रस्ता अरुंद व्हायचा आणि ट्रक अगदी कानाजवळून जायचे. मागची सायकल नीट येते आहे ना, हे बघायला पुढच्यानं मान वळवली की हँडलही वळतं आणि सायकल ट्रकच्या बाजूला कलते. म्हणून मोरी आली की मागच्यानं दोनदा घंटी वाजवायची. मी आहे, तू पुढे बघ, एवढाच तिचा अर्थ. रत्नाच्या वडिलांच्या पाळीचे कामगार असेच जायचे आणि त्यांच्याकडून ती हे शिकली होती.

रत्ना बौद्ध. पौर्णिमेला काम सुटलं की ती तशीच पुढे देहूरोडच्या विहारात मेणबत्ती लावायला जायची. मी एकादशीला देहूला जात असे. एकटीनं जाण्यापेक्षा दोघींनी जावं, म्हणून ती माझ्याबरोबर देहूला येऊ लागली आणि मी तिच्याबरोबर देहूरोडला. मी देवळात असेपर्यंत ती घाटावर इंद्रायणीत पाय सोडून शेंगदाणे खात बसायची. "उपास तुमचा, भूक मला लागते," म्हणायची. एकदा चढावर माझा श्वास फुलला आणि मी विठ्ठल विठ्ठल म्हणू लागले, तर मागून आवाज आला, "बाई, तुमचा देव कमरेवर हात ठेवून उभा, आमचे भगवान डोळे मिटून बसलेले. सायकल आपल्यालाच दामटायचीय."

एका संध्याकाळी आम्ही घरी परतत होतो. चिंचवडच्या अलीकडची मोरी आली आणि घंटी वाजली नाही. त्याआधी मागे एक आवाज झाला होता, पण कारखान्यांच्या त्या रस्त्यावर कसले ना कसले आवाज होतच असत. मी मोरी ओलांडली, उतरले आणि मग मागे पाहिलं. ट्रक तिरका उभा होता आणि लोक धावत होते. रत्ना जागीच गेली. त्याहून अधिक मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

त्यानंतर मी सायकलला कुलूप घातलं. शाळेत बसनं जाऊ लागले. एकादशी आली आणि गेली, मी घरातच होते. देवघरातला दिवा तुमच्या पणजी लावायच्या. मी तिकडे बघतही नव्हते. रत्नाचं ते थट्टेतलं वाक्य माझ्या मनात फिरून फिरून यायचं, पण आता त्यात थट्टा उरली नव्हती. ती मोरीच्या अलीकडे होती आणि हा कमरेवर हात ठेवून उभाच राहिला, असं मला वाटे. मी भांडले नाही, रडून काही मागितलंही नाही. बोलणंच बंद केलं.

पौर्णिमा जवळ आली तेव्हा रत्नाच्या आई घरी आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. त्या दारातच उभ्या राहिल्या. हातात कागदात बांधलेल्या मेणबत्त्या होत्या.

"आत या ना, आक्का."

"बसाया न्हाई आले. ह्या तिनं आणून ठिवल्या व्हत्या. देहूरोडला बस कुठनं मिळती, तेवढं सांगा. मी कवा एकली गेले न्हाई."

मी पुडकं त्यांच्या हातातून घेतलं. "मी नेते," म्हटलं. आक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "सायकलनं?" माझ्या तोंडून "हो" गेलं. ते कुणी वदवलं, मला ठाऊक नाही. मी तर त्या सायकलकडे बघायचंही टाळत होते.

रविवारची पौर्णिमा होती. तुमचे आजोबा सकाळीच सायकलची हवा तपासत बसले होते. "मी येऊ का बरोबर?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. "मग बसनं जा." त्यालाही नको म्हटलं. मग ते म्हणाले, "ब्रेक घट्ट करून दिलेत. डोकं तुझं तूच सांभाळ." पणजी आतून म्हणाल्या, "तिला अडवू नकोस. घरात बसून ती वाळत चाललीय."

चिंचवड, आकुर्डी, निगडी इथपर्यंत वस्ती होती, माणसं होती, म्हणून निभावलं. निगडीच्या पुढे तेव्हा मोकळं माळरान होतं आणि रस्त्यावर फक्त ट्रक. तिथली पहिली मोरी आली. माझे कान मागे लागले होते. मागे काही वाजलं नाही, आणि कळायच्या आत मी मान वळवून पाहिलं. व्हायचं तेच झालं. पाठीमागून ट्रक हॉर्न देत आला, मी बावरून हँडल डावीकडे ओढलं आणि खडीत जाऊन पडले. गुडघा फुटला. हाच तो गुडघा. पुडकं सुटलं होतं. मेणबत्त्या मोडल्या होत्या, पण तुकडे वातीला धरून लोंबत होते.

मी खडीत बसून राहिले. परत फिरावं, हा विचार आला हे कबूल करते. पण परत जायलाही याच रस्त्यानं जायचं होतं. मग मी पुढे का जाऊ नये? उठले. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून वाकडं झालेलं हँडल पिळून सरळ केलं, मेणबत्त्या पदराच्या टोकात बांधल्या आणि निघाले. खूप दिवसांनी विठ्ठलाशी बोलले. म्हटलं, तू उभा राहा नाहीतर बस, मी सायकल दामटते. पण मला मागे बघायला लावू नकोस. ही प्रार्थना होती की धमकी, मलाच सांगता येणार नाही.

पुढची मोरी दिसू लागली. दात घट्ट आवळून मी समोर बघत होते. मोरीवर चाक चढलं आणि मागे दोनदा घंटी वाजली.

मी वळले नाही. अंगावर काटा आला, डोळे भरून आले, पण हँडल हललं नाही. त्याच्या पुढच्या मोरीवर पुन्हा दोनदा वाजली. देहूरोडपर्यंत ज्या मोऱ्या लागल्या त्या प्रत्येकीवर वाजली. तेवढ्या वेळात मला कसलीच भीती नव्हती. मनात काही मागणंही नव्हतं. पाय चालत होते, समोर रस्ता होता आणि मागे कुणीतरी होतं. देवळात उभं राहून जे मला कधी नीट साधलं नाही, ते त्या ट्रकच्या धुरात साधलं.

विहाराच्या वळणावर उतरले तेव्हा मागून एक पाववाला आला. सायकलच्या कॅरियरवर पत्र्याची रिकामी पेटी, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी.

"जास्त लागलं का, बाई?" त्यानं विचारलं. "तुम्ही मागं बघितलं अन् खाली गेल्या, ते मी लांबून पाहिलं. मी येईपर्यंत तुम्ही उठून चालल्या पण. हाक मारली तर पुन्हा मागं बघणार, म्हणून घंटी वाजवली. तुमच्या त्या दुसऱ्या बाई वाजवायच्या ना, तशी. संध्याकाळच्या फेरीला दिसायच्या तुम्ही दोघी." मग त्यानं रस्त्याकडे पाहिलं. "त्या कुठं आहेत? बीमार आहेत का?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "रोज या वेळेला मी घरी पोचलेला असतो. आज निगडीत पंक्चर झालं. मी त्या चाकाला शिव्या देत होतो." एवढं बोलून तो सायकलवर बसला आणि गेला. तो काही अदृश्य वगैरे झाला नाही. पुढे कित्येक पौर्णिमांना भेटायचा आणि लांबूनच हात वर करायचा. पंक्चर हे पंक्चरच असतं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मला त्या दिवशी जे हवं होतं ते मिळालं. मी त्याचा उगम शोधत बसले नाही.

विहारात मोडक्या मेणबत्त्या बघून मी संकोचले, तर तिथली एक म्हातारी म्हणाली, "वात शाबूत हाय नव्हं? मग लाव की." तिनंच आपल्या हाताच्या उबेनं त्या सरळ करून दिल्या. सगळे त्रिशरण म्हणत होते. शरण हा शब्द मी देहूला कितीदा ऐकला होता. शरण जायचं म्हणजे हात सोडून बसायचं, असं मी तोवर धरून चालले होते. त्या दिवशी कळलं की हँडल आपण घट्टच धरायचं असतं. सोडायचं असतं ते मागे वळून बघणं.

परतताना काळेवाडीला गेले. आक्कांनी माझा गुडघा धुऊन हळद लावली. मग कोपऱ्यात ठेवलेल्या रत्नाच्या चेपलेल्या सायकलीवरून काढलेली घंटी माझ्या हातात दिली. "ही लावा तुमच्या सायकलीला. तुमची लई कर्कश हाय. रत्ना म्हनायची, बाईंनी शाळेची घंटाच बसवलीय." आणि आम्ही दोघी रत्ना गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो आणि मग रडलो.

मी सायकल सोडली नाही. एकादशी सोडली नाही, पौर्णिमाही नाही. पुढे रत्नाच्या पॅकिंगमधल्या बायका बरोबर येऊ लागल्या, मग माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका. त्यांना पुढे घालून मी शेवटी राहायची आणि प्रत्येक मोरीवर दोनदा वाजवायची. पुढच्यांपैकी कुणीही मागे वळून बघितलं नाही.

आता तो रस्ता इतका रुंद झाला आहे की मोऱ्या कुठे होत्या ते मलाही दाखवता येणार नाही. आक्का गेल्या, पाववाला गेला असेल, माझी सायकल भंगारात गेली. घंटी आहे. तिला दर पौर्णिमेला मी तेलाचा थेंब घालते, आणि ती वाजते.