प्रगतीपथावरची भिंत

आमच्या पूरनियंत्रणाच्या ऑफिसनं आजवर पाणी किती अडवलं, ते मला विचारू नका. किस्से मात्र धो धो वाहतात! मी इथली अनुरेखक, म्हणजे नकाशे काढणारी बाई. देऊळगाव राजाहून रोज एसटीनं येते. एक किस्सा घरी सांगून होत नाही, तोवर दुसरा टेबलावर हजर असतो.

*

मुंबईहून एक फॉर्म आला. पूरसंरक्षण आणि किनारा संरक्षण, दोन्ही एकाच कागदावर. 'आपल्या हद्दीत खाऱ्या पाण्याचा किनारा आहे काय?' असा एक रकाना होता. आपल्या बुलढाण्यात समुद्र कुठला! कोणीही 'निरंक' लिहून मोकळं झालं असतं.

पण फॉर्म गेला आमच्या वानखडे बाबूंकडे. फार प्रामाणिक माणूस. त्यांनी लिहिलं, 'होय.'

"बाबू, हे काय?" मी ओरडलेच.

"काऊन मॅडम? लोणारचं पाणी गोड हाये का?"

*

मग काय, महिनाभरात मुंबईचं पत्र! 'आपल्या किनाऱ्यावरील भरतीचा तपशील तातडीने कळवावा.'

भरतीचं टेबलही वानखडे बाबूंचंच. त्यांनी उत्तर ठोकलं, 'या कार्यालयात भरती अनेक वर्षांपासून बंद असून, दरवर्षी दोघे-तिघे निवृत्त होत आहेत.'

तिसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडचा माणूस वैतागून ओरडत होता, "अहो, समुद्राची भरती विचारतोय, समुद्राची!"

वानखडे बाबू एकदम खुर्चीतून उठले. "समुद्रात बी निघाली का? जागा किती हायेत? माही पोरगी बी.एस्सी. हाये साहेब, पोहते बी मस्त!"

*

आता आमच्या भिंतीचं सांगते. अमडापूरच्या पुढं एका गावाला पूरसंरक्षक भिंत मंजूर झाली. ठेकेदारानं ती दोन्ही टोकांकडून बांधत आणली आणि मधे ट्रक जायला पंचवीस फूट जागा सोडली. ट्रक गेले, ठेकेदार गेला, जागा राहिली! आणि त्या जागेच्या बरोबर समोर उस्मानचाचा पिंजाऱ्यांचं दुकान, मागं घर.

चाचा गाद्या भरतात. लग्नसराईच्या गाद्या आधीच भरून ठेवाव्या लागतात, आणि नदीला पाणी आलं की सगळा कापूस लगदा. मला फार वाईट वाटायचं. एवढ्या मेहनतीचा माणूस, अन् आमच्यामुळं दरवर्षी चिखल उपसतो!

दर महिन्याला चाचा अर्ज घेऊन यायचे. आमचे शाखा अभियंता इंगळे साहेब दर महिन्याला तेच सांगायचे, "चाचा, काम प्रगतीपथावर आहे."

एकदा चाचांनी हात जोडून विचारलं, "साहेब, हा पथ कोठी लागते? मी त्याच गावात राह्यतो, मले तं अजून दिसला नाही."

*

वरून फर्मान आलं, प्रगतीचे फोटो पाठवा. इंगळे साहेबांनी आधीचा एक आणि आत्ताचा एक असे दोन फोटो पाठवले. दोन्हींत तेच भगदाड, दोन्हींत चाचा उभे. साहेबांना शेरा आला, 'दोन्ही फोटोंत काहीच फरक नाही.'

इंगळे साहेबांनी खाली लिहिलं, 'पहिल्या फोटोत दाढी काळी आहे, कृपया पाहावे.'

*

मग पुराची रंगीत तालीम ठरली. भोंगा वाजला की गावानं टेकडीवरच्या शाळेत जायचं, असं घरोघरी सांगून झालं. भोंगा वाजला. गाव पळालं खरं, पण नदीकडे!

"अरे बाप्पा, तिकडं कुठं?" इंगळे साहेब कर्ण्यावरून बोंबलले.

एक आजी पळता पळताच म्हणाली, "पूर पाह्यतो अन् मंग येतो ना शाळेत!"

तालमीत एकूण एकच माणूस सुखरूप शाळेत पोचला. तो म्हणजे इंगळे साहेब.

*

यंदाही पाणी आलं, चाचांच्या दुकानात शिरलं, कापूस गेला. त्यानंतर महिन्यानं मुंबईचे मोठे साहेब पाहणीला आले. पांढरी शुभ्र पँट, मागं आमची वरात. भिंत पाहून साहेब खूश! भगदाडापाशी थांबून त्यांनी चाचांना विचारलं, "काय चाचा, भिंतीचा फायदा झाला ना?"

"झाला ना साहेब! पह्यले पूर साऱ्या गावात हिंडे. आता कोठी भटकत नाही, सीधा माह्या घरी येते."

इंगळे साहेबांनी डोळेच मिटले. मुंबईचे साहेब मात्र हसले, आणि "पाहू, पाहू, काम प्रगतीपथावर आहे," म्हणत निघाले.

"असे कसे जाता साहेब? चाय तं घ्या," म्हणून चाचांनी त्यांना अदबीनं दुकानात नेलं. कोपऱ्यातली जाडजूड गादी दाखवली. "बसा, आरामात बसा."

साहेब ऐसपैस बसले, आणि दुसऱ्या क्षणाला ताडकन उठले. पँट मागून चिंब! पुढं बुलढाण्याला मीटिंग होती.

"हे काय आहे?"

"पूर हाये, साहेब," चाचा म्हणाले.

साहेबांनी उभ्याउभ्याच फोन लावला, आणि पंधरा दिवसांत भिंत पूर्ण करायचा हुकूम सोडला. झालीसुद्धा! नकाशात ते पंचवीस फूट मीच माझ्या हातानं जोडले, आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मोजमापाला गेले, तेव्हा चाचा नवा कापूस पिंजत बसले होते. मी म्हटलं, "चाचा, साहेब आले तेव्हा पूर ओसरून महिना झाला होता. गादी ओली कशी राहिली?"

चाचांनी मान वर केली नाही.

"दोन बादल्या लागल्या, बेटी."