रोमची खानावळ आणि आईचं पापलेट

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सहार विमानतळावर एका परदेशी एअरलाइनच्या काउंटरवर होते आणि आई वेसाव्याच्या बाजारात मासळी विकायची. स्टाफच्या आईवडिलांना तेव्हा फुकट तिकीट मिळायचं... म्हणून मी आईला चार दिवस रोमला घेऊन गेले.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून ती धड जेवत नव्हती, हसणं तर लांबच. मला वाटलं, जरा बाहेर पडली की मन रमेल. बाईसाहेबांनी बॅगेत साड्यांच्या घडीत जवळ्याची चटणी लपवून आणली होती, ते मला रोमला पोचल्यावर वासावरून कळलं!

पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या गल्लीतल्या एका जुन्या इटालियन खानावळीत गेलो. बाहेरच टेबलं मांडलेली, आणि माणसं अशी निवांत जेवत होती की उद्या कुणाला कामच नसावं. मी मेनूवर बोट ठेवून काहीतरी मागवलं... आल्या लांबलचक शेवया आणि वर चीजचा ढीग.

आईने नाकाला पदर लावला. वेटरने काहीतरी विचारलं, तिने मान हलवून ‘नको’ म्हटलं आणि त्याने सरळ तिची प्लेट उचलून नेली! आपल्याकडे ‘नको’ म्हटल्यावर निदान दोनदा आग्रह होतो ना... आई रिकाम्या टेबलाकडे बघतच राहिली. माझ्या शेवया झकास होत्या, पण तिच्यासमोर मी अर्ध्या तशाच ठेवल्या.

रूमवर येऊन तिने पावाला जवळ्याची चटणी लावून खाल्ली. मग म्हणाली, “उद्याच्या इमानात बसव मना. तुझा बापूस नाय, तं मी एकटी कशाला बगू ही दुनिया?” मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिला चर्चेस दाखवली, कारंजी दाखवली. सगळ्याला एकच उत्तर... “बरा हाय.” संध्याकाळी तिचे गुडघे लांब चालायला तयार नव्हते, म्हणून नाइलाजाने पुन्हा त्याच खानावळीत. बाहेर जागा नव्हती, आत शिरलो.

आत दारालगतच बर्फावर मासे मांडलेले होते. चकचकीत, ओळीने. आई थबकली... आणि मी काही म्हणायच्या आत तिने पदर खोचला, एका माशाचा कल्ला उचलून बघितला, दुसऱ्याच्या पोटावर अंगठा दाबला. तिला वाटलं, हा बाजारच आहे!

वेटर धावत आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या पाटीतला मासा दाबून कुणी न घेता गेलं, तर ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आता तसंच आपल्या वाट्याला येणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात आतून अॅप्रन बांधलेली एक म्हातारी बाई आली. मालकीण असावी. तिने वेटरला हातानेच गप्प केलं आणि आईसमोर स्वतः एक मासा उचलून धरला. आईने नाक मुरडलं. दुसरा धरला, तोही नको. मग ती हसत आत गेली आणि एक जाड पाठीचा, चंदेरी मासा घेऊन आली. आईने कल्ला बघितला आणि तिच्या तोंडून निघालं, “अगो बाय... काय म्हावरा हाय!”

नंतर कळलं, तिथे गिऱ्हाइकाने बर्फावरून आपला मासा निवडायचाच असतो. आईने नकळत अगदी रीतसर ऑर्डर दिली होती.

मासा भाजून आला तो अख्खा. हळद नाही, मसाला नाही, फक्त मीठ, तेल आणि लिंबू. वेटर काटे काढायला लागला तर आईने प्लेटच ओढून घेतली. “मना काय दात नाय?” मग हाताने पहिला घास मोडला, आणि तिने डोळे मिटले... आपल्या आईला इतकं चवीने जेवताना मी त्याआधी कधी बघितलंच नव्हतं.

मालकीण दारात उभी राहून बघत होती. आईने तिला खुणेने जवळ बोलावलं, डोक्यामागचा मऊ तुकडा मोडला आणि हात पुढे केला. त्या बाईने सगळ्या गिऱ्हाइकांदेखत वाकून आईच्या हातून घास खाल्ला. दोघी हसल्या. वर्षभराने आई हसली हो!

परतताना गल्लीत म्हणाली, “जलमभर चांगला निवडून लोकांना दिला गो. आपल्या ताटात नेहमी उरलेला. आज पयल्यांदा माझ्यासाठी निवडला.” तिने पुन्हा विमानाचं नाव काढलं नाही. उरलेले दोन्ही दिवस आम्ही तिथेच जेवलो.

वेसाव्याला आल्यावर पहिल्याच सकाळी आईने पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट बाजूला काढून केळीच्या पानाखाली ठेवलं. नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंनी पान उचलून नेमकं तेच मागितलं.

“ते नाय मिलाचं,” आई म्हणाली. “ते माझं हाय.”

त्या मालकीणबाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं... पण त्यानंतर आई होती तोवर आमच्या घरात पहिलं पापलेट तिचं असायचं, ते त्यांच्यामुळे.