बाबा खुर्चीत बसले तो दिवस

काल स्टुडिओत टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि तो वास नाकात जाताच आर्ट स्कूलमधली पहिल्या वर्षातली एक सकाळ आठवली.

बाबा मला एडिसनच्या आमच्या घरून गाडीनं सोडायला आले होते. मी इंजिनिअरिंग सोडल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. त्या दिवशी नेमका मॉडेल आला नाही. आम्हाला पोर्ट्रेट शिकवणाऱ्या बाईंनी दारात उभ्या असलेल्या बाबांनाच हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"अगं, मला ऑफिस आहे," बाबा माझ्याकडे बघत कुरकुरले, पण बसले.

मी जीव ओतून त्यांची एकेक भुवई रेखली. बाईंनी मागून येऊन फडक्यानं कॅनव्हासवरचा सगळा चेहरा पुसून टाकला. "हा पासपोर्टचा फोटो झाला. आता तुझे वडील रंगव."

संतापानं माझे कान तापले. मी सगळ्यात रुंद ब्रश उचलला. कपाळावर गेरू, गालाखाली चक्क हिरवा! हात थांबेना आणि ओल्या रंगातून एक चेहरा आपणहून पुढे येत होता.

बाबा उठून आले. बघतच राहिले.

"अगं, हे तर माझे बाबा! रागावले की अस्सेच बसायचे."

आजोबांना मी कधी पाहिलंही नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, मी जिंकले. आज वाटतं, नागपूर सोडून परदेशात आल्यानंतर कित्येक वर्षांनी बाबांना त्यांचे वडील दिसले होते.

त्यांनी तिथूनच ऑफिसला फोन केला, मीटिंग कॅन्सल केली आणि कुणी न सांगता पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.