सरदार डावीकडे वळले

डोंगरातल्या त्या गावात त्यांना सगळे सरदार म्हणत. लढाई म्हणाल तर नळाच्या तोट्या विकताना गिऱ्हाइकांशी होई तेवढीच. घोडे आले ते बायकोच्या माहेरून. सासरे वारले, तबेला मुलीच्या नावावर झाला आणि जावयाने तोट्यांचं दुकान बंद करून गुडघ्यापर्यंत येणारे बूट विकत घेतले.

सुट्टीत शहरातली माणसं घोड्यावरून डोंगर पाहायला येत. त्यांना खोगिरावर बसवणं, खिंडीपर्यंत फिरवून सुखरूप परत आणणं हे काम बायको करी. लीदही तीच काढी. सरदार चहा देताना घोड्याच्या स्वभावावर बोलत. घोडा माणसाची नजर ओळखतो, असं सांगत आणि स्वतः घोड्याच्या नजरेसमोर सहसा येत नसत. धुक्यात डोळे मिटून खिंड ओलांडल्याची त्यांची गोष्ट तर दर हंगामाला फुगत चालली होती. पाहुणेही काही कमी नव्हते. घरी जिना चढताना धापा टाकणारे लोक खोगिरावर बसले, की आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाबद्दल बोलू लागत.

एके दिवशी बायकोची कंबर धरली. पाहुणे तयार होऊन अंगणात उभे. आजची सहल राहू द्या, असं तिने सुचवलं. पण पाहुण्यांतली दातांची डॉक्टरीण म्हणाली, की सरदार असताना काळजी कसली? आता नाही कसं म्हणणार? सरदार स्टुलावर चढून म्हाताऱ्या पांढऱ्या घोडीवर बसले. बाकीचे घोडे तिच्याच मागे चालत.

बायकोने खिडकीतून सांगितलं, "लगाम सैल सोडा आणि गप्प बसा. बाकी ती बघेल."

लगाम त्यांनी भीतीनेच सैल सोडला होता. गप्प बसणं मात्र त्यांना जन्मात जमलं नव्हतं. खिंड येईपर्यंत त्यांनी पाहुण्यांना घोडेस्वारीची तीन तत्त्वं शिकवली, त्यातलं एक दोनदा. तेवढ्यात धुकं उतरलं. पुढे वाटेला फाटा होता. सरदारांनी हात उंचावून डावी वाट दाखवली. घोडी उजवीकडे वळली. त्यांनी लगाम खेचला, तशी ती थांबून गवत खाऊ लागली. टाच मारली, तर तिने नुसती शेपटी हलवली.

"सरदार, आम्ही घोडीबरोबर जातो," डॉक्टरीण शांतपणे म्हणाली. "तुम्हाला डावीकडेच जायचं असेल, तर उतरा."

दुसरा कुणी हसण्यावारी नेऊन गप्प बसला असता. सरदार उतरले, ताठ मानेने डावीकडे गेले आणि दलदलीत कमरेपर्यंत रुतले.

घोडी पाहुण्यांना घेऊन सरळ तबेल्यात आली. तिचं रिकामं खोगीर पाहून बायकोने कपाळाला हात लावला. मग कंबरेला शाल आवळली आणि दोर घेऊन त्याच घोडीवर स्वार झाली. नवऱ्याला शोधायला वेळ लागला नाही. ते आईच्या नावाने मोठमोठ्याने हाका मारत होते. दोराचं टोक घोडीने ओढलं आणि सरदार बाहेर आले. एक बूट आतच राहिला.

परतताना ते बायकोला घट्ट धरून मागे बसले होते. लग्न झाल्यापासून ते इतका वेळ गप्प बसल्याचं तिला आठवेना. तिला दयाच आली.

"अहो, लागलं का कुठे?"

"नाही."

"मग जरा हलक्या हाताने धरा. कंबर माझी दुखतेय."

महिनाभर सरदार घरातच होते. नंतर त्यांना कंठ फुटला. आता पाहुण्यांना ते पायी त्या दलदलीपर्यंत नेतात. घोडी पाहुण्यांसाठी सोडून आपण एकट्याने कसा नवा रस्ता शोधायला निघालो, ते सांगतात. लोकांना ही जागा खिंडीपेक्षा आवडते. तिथे फोटो काढून घ्यायलाही रांग लागते.

मागच्या हंगामात एका पाहुणीने बायकोला बाजूला घेऊन विचारलं, की हे सगळं खरं आहे का?

घोडीचा पट्टा आवळता आवळता ती म्हणाली, "चिखल खरा आहे."